१२ डिसेंबर ते २ फेब्रुवारी: मेक्सिकोची सणमालिका, पोंचे, तमालेस आणि बाकी सगळं

पाटावरवंटा (धागाकर्ता)

मेक्सिकोत नाताळ एका दिवसात उरकत नाही. १२ डिसेंबरला ग्वादालुपेच्या मातेचा (मारियेचा) सण, १६ ते २४ रोज रात्री पोसादा, २४ला मध्यरात्रीचं जेवण, २८ला थापा मारून एकमेकांना फसवण्याचा दिवस, ३१ला बारा द्राक्षं, ६ जानेवारीला तीन राजांची रोस्का (कड्याच्या आकाराचा गोड पाव), आणि २ फेब्रुवारीला कांदेलारियाचे तमालेस (पानात गुंडाळून वाफवलेलं, सारण भरलेलं मक्याचं पीठ). १२ डिसेंबर ते ६ जानेवारी या टप्प्याला तिथले लोकच थट्टेनं ‘ग्वादालुपे-रेयेस मॅरेथॉन’ म्हणतात. आपल्याकडे गणपती ते दिवाळी पोटाची जी अवस्था होते, तीच.

पोसादांपासून सुरुवात करतो. मेक्सिको शहराच्या ईशान्येला, तेओतिवाकानच्या वाटेवर आकोल्मान नावाचं गाव आहे. तिथल्या ऑगस्टिनियन मठातले फ्राय (म्हणजे मठवासी ब्रदर) दिएगो दे सोरिया यांनी १५८७ साली पोप सिक्स्तुस पाचवे यांच्याकडून नाताळाआधीच्या नऊ प्रार्थनांची परवानगी मिळवली. मठाच्या अंगणातली ही प्रथा पुढे गल्लीबोळांत आणि घराघरांत गेली. पोसादा म्हणजे आसरा, उतरायची जागा. मारिया आणि जोसेफ बेथलेहेमात दारोदार आसरा मागत फिरले, त्याची नऊ रात्रींची उजळणी.

रीत अशी: निम्मे लोक बाहेर (यात्रेकरू), निम्मे आत (घरमालक). पुढे दोन मुलं फळीवर मारिया-जोसेफच्या मातीच्या मूर्ती घेऊन, मागे प्रत्येकाच्या हातात मेणबत्ती. बाहेरचे एक कडवं गाऊन आसरा मागतात, आतले पुढच्या कडव्यात नकार देतात, ‘चोरबीर असाल’ असंही ऐकवतात. शेवटी ओळख पटते, दार उघडतं आणि सगळे मिळून स्वागताचं कडवं म्हणतात. मग प्रार्थना, मग पिन्याटा (खाऊ भरून टांगलेला, डोळे बांधून काठीनं फोडायचा गोळा), मग खाणं.

इथे नेहमी होणाऱ्या चुका तीन. पहिली, आत चार माणसं आणि बाहेर चाळीस: आतला आवाज दाराबाहेर येतच नाही आणि सवालजबाबातली मजा जाते. अर्धे-अर्धे करा, आणि आत एक तरी खणखणीत गळा ठेवा. दुसरी, मेणबत्त्या उघड्या हातात: कागदी पेल्याच्या बुडाला भोक पाडून त्यातून मेणबत्ती वर काढा, मेण पेल्यात साठतं. तिसरी, खाणं आधी वाढणं. हातात पेला आला की गाणं संपलंच.

निघताना प्रत्येकाला ‘अग्विनाल्दो’ची पिशवी द्यायची: एक संत्रं, मूठभर भाजलेल्या शेंगा, थोड्या कोलासिओन (आत संत्र्याची साल किंवा बडीशेपेसारखं काही असलेल्या साखरेच्या रंगीत गोळ्या), प्राण्यांच्या आकाराची बिस्किटं. माणशी एक आणि वर दहा जास्तीच्या. पिन्याट्याच्या झुंबडीत ज्या चिमुरड्यांच्या हाती काही लागत नाही, त्यांची समजूत याच पिशवीवर निघते.

खळ-कागद

पिन्याट्याबद्दल लिहितो. पारंपरिक पिन्याटा म्हणजे मधे मडकं आणि त्याला सात शंकू. सात शंकू ही सात महापापं, काठी म्हणजे सद्गुण, डोळ्यांवरची पट्टी म्हणजे श्रद्धा, आणि आतून पडतो तो प्रसाद. शब्द इटालियन ‘पिन्यात्ता’ म्हणजे मडकं यावरून आलेला. हल्ली घरोघरी कागदी करतात, कारण मडक्याची खापरं वरून पडतात आणि पोरं खालीच वाकलेली असतात.

घरी करायचा तर एक आठवडा हाताशी ठेवा.

खळ: १ वाटी मैदा १ वाटी गार पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवा, ४ वाट्या उकळत्या पाण्यात ओता, पाच मिनिटं ढवळत पारदर्शक होईपर्यंत शिजवा. पुस्तकबांधणीच्या खळीत किडीसाठी मोरचूद घालतात, ते इथे अजिबात नको. आत खाऊ भरायचाय. चमचाभर व्हिनेगर पुरे.

३०–३५ सेंमीचा फुगा, वर्तमानपत्राच्या ४–५ सेंमी रुंद पट्ट्या. लहान मुलांसाठी चार थर, मोठ्यांसाठी सहा. दोन थर झाले की पूर्ण वाळू द्या. ओल्यावर ओला थर चढवत गेलं तर आतून बुरशी येते आणि फुगा काढल्यावर कवच चेपतं. वरती हाताचा पंजा जाईल एवढं भोक ठेवा.

सगळ्यात जास्त घोळ दोरीचा होतो. नुसती भोकाच्या कडेला दोरी ओवली तर पहिल्याच फटक्याला कड फाटते आणि अख्खा गोळा खाली येतो. दुसऱ्या थरानंतर गोळ्याभोवती आडवी-उभी दोरी शिंकाळ्यासारखी बांधा, तिच्यावर पुढचे थर चढवा. मग वजन शिंकाळं पेलतं, कागद फक्त फुटायचं काम करतो.

शंकू कार्डशीटचे. १५ सेंमी त्रिज्येची अर्धवर्तुळं गुंडाळायची आणि मुळाशी कातरून पाकळ्या करून चिकटवायची. वर झालरी लावायला पतंगाचा कागद उत्तम. ४ सेंमी रुंद पट्ट्या दुमडून कातरा आणि शंकूच्या टोकाकडून बुडाकडे चिकटवत या. उलट गेलात तर प्रत्येक ओळीचं चिकटवणं उघडं दिसतं.

भरणं ३ किलोच्या आत: शेंगा, उसाचे करवे, छोटी संत्री, तेहोकोते (लहान सफरचंदासारखं आंबटगोड मेक्सिकन फळ), गोळ्या. चॉकलेट नको, पहिल्या संत्र्याखाली त्याचा लगदा होतो.

उंबरठा

झालरी वरून खाली की खालून वर यावर कारागीरसुद्धा भांडतात, पण शिंकाळ्याला +१. एक भर: दोरीचं दुसरं टोक ओढणारा माणूस मोठा आणि सावध हवा. प्रत्येकाला गाणं संपेपर्यंत पाळी, सभोवती ३ मीटर मोकळं वर्तुळ. पिन्याटा फुटला की आधी काठी हातातून काढून घ्यायची, मग मुलांना सोडायचं. डोळे बांधलेला माणूस फुटल्यावरही दोन फटके मारतच असतो.

चिंचगूळ

आता पोंचेचं, म्हणजे या दिवसांतल्या फळांच्या गरम पेयाचं, प्रमाण. ५ लिटर पाण्याला, म्हणजे साधारण २५ पेल्यांना:

तेहोकोते ७५० ग्रॅम, पेरू १० (छोटे, कडक), ऊस सोलून बोटाएवढे तुकडे ५०० ग्रॅम, सफरचंदं ४, सुके आलुबुखार २०० ग्रॅम, चिंच १०० ग्रॅम, हामाइका ४० ग्रॅम, दालचिनीच्या दोन लांब कांड्या, पिलोन्सियो ४०० ग्रॅम.

यातलं बरंचसं मराठी घरात वेगळ्या नावानं असतं. पिलोन्सियो म्हणजे शंकूच्या साच्यात ओतलेला गूळ. आपला काळपट, बिनरसायनाचा गूळ सरळ चालतो. हामाइका म्हणजे लाल अंबाडीची बोंडं. सुकी नसतील आणि ताजी मिळाली तर बी काढून २५० ग्रॅम घ्या. चिंच तर आपल्याच बाजूनं तिकडे गेलेली, आणि पेरू तिकडून इकडे आलेला. ‘पोंचे’ ज्यावरून आला तो इंग्रजी ‘पंच’ हा शब्द ‘पाच’वरून आला असं मानतात. ते खरं धरलं तर हे पातेलं अर्धं आपलंच.

आता क्रम, कारण बिघडतं ते इथेच.

१. तेहोकोते वेगळ्या पाण्यात ८–१० मिनिटं उकळा, गार करा, साल बोटांनी निघते, देठ काढा. कच्चे सोलायला गेलात तर अर्धं फळ सालीबरोबर जातं.

२. मोठ्या पातेल्यात पाणी, दालचिनी, गूळ, ऊस आणि सोललेले तेहोकोते घालून मंद आचेवर ३० मिनिटं.

३. सफरचंद, आलुबुखार आणि चिंचेचा कोळ घालून १५ मिनिटं.

४. पेरूच्या चार-चार फोडी शेवटी, फक्त ८–१० मिनिटं. आधी घातले तर विरघळतात आणि पेल्यात बिया तेवढ्या उरतात.

५. अंबाडी दुसऱ्या भांड्यात अर्धा लिटर उकळत्या पाण्यात झाकून १० मिनिटं ठेवा, गाळा आणि तो लाल अर्क शेवटी ओता. बोंडं पातेल्यात तासभर उकळली की तुरट कडवटपणा उतरतो, मग कितीही गूळ घाला, जात नाही.

रम किंवा ब्रँडी हवी असेल तर पेल्यात, माणशी ३० मिली. त्याला ‘कोन पिकेते’ म्हणतात. पातेल्यात ओतू नये: मुलंही तेच पितात आणि उकळीबरोबर दारू उडून जाते.

हिरवीमिरची

तेहोकोते भारतात कुठून आणायचे? आणि ते नसले तर काय?

चिंचगूळ

ताजे मिळणार नाहीत. अमेरिकेत राहणाऱ्यांना मेक्सिकन दुकानात पाकातले बरणीबंद मिळतात. ते आधीच गोड असल्यानं गूळ निम्मा करा आणि ते शेवटच्या १५ मिनिटांत घाला. भारतात आंबटसर, घट्ट, लहान सफरचंदं सालीसकट वापरा. चव हुबेहूब येत नाही. तेहोकोतेमध्ये पेक्टिन भरपूर असतं, त्यानं पोंचेला जो किंचित दाटपणा येतो, तो आणायचा तर दोन पेरू उकडून, गाळून तो गर घाला. बाजारी पेक्टिनची भुकटी नको, जॅम होईल.

दगडीजातं

आता तमालेस. आधी दोन खुलासे: एकवचन ‘तमाल’, अनेकवचन ‘तमालेस’, आणि तमालपत्राशी काडीचा संबंध नाही. पिठाला ‘मासा’ म्हणतात, त्याचाही माशाशी नाही.

मासा म्हणजे मक्याचं पीठ भिजवलेलं, असं समजून केलेले तमालेस हमखास फसतात. आपल्याकडचं ‘कॉर्नफ्लोअर’ हा नुसता स्टार्च. मक्याचं पिवळं पीठ भाकरीला ठीक, पण ते बांधून राहत नाही आणि वासही तो नाही. मका चुन्याच्या पाण्यात शिजवायला लागतो. या प्रक्रियेला निश्तामाल म्हणतात. चुन्यामुळे दाण्याची साल सुटते, तिच्यातली द्रव्यं विरघळून पीठ चिकट होतं, आणि मक्यातलं नायसिन (एक ब जीवनसत्त्व) शरीराला लागू पडतं.

घरी:

१ किलो वाळलेला मका (पांढरा मिळाला तर उत्तम, स्वीट कॉर्न नाही, पॉपकॉर्न नाही), ३ लिटर पाणी, १० ग्रॅम खाद्य दर्जाचं कॅल्शियम हायड्रॉक्साइड. चुना पाण्यात विरघळवा, मका घाला, मंद उकळीवर ४०–५० मिनिटं. दाणा बोटांत चोळल्यावर साल सुटायला हवी, आत मात्र पांढरा टणक ठिपका राहायला हवा. गॅस बंद, झाकून रात्रभर. सकाळी तीन-चार पाण्यांत चोळून धुवा, साली वाहून जातील.

भांडं स्टीलचं. ॲल्युमिनियम चुन्यात काळं पडतं आणि झिजतं. पानाचा चुना वापरू नका, त्याच्या शुद्धतेची खात्री नसते. चुना अंदाजानं ‘अजून चिमूटभर’ घातला की पीठ पिवळं, साबणासारख्या वासाचं होतं; तसं झालंच तर आणखी दोन पाण्यांनी धुवा.

दळताना खरी अडचण येते. मिक्सरला पाणी लागतं आणि मग मासा सैल होतो. ओला मका गिरणीत नेलात तर गिरणीवाला तुम्हाला पुन्हा उभं करणार नाही. त्यापेक्षा धुतलेला निश्तामाल फडक्यावर पसरून कडकडीत उन्हात पूर्ण वाळवा (दोन-तीन दिवस) आणि मग गिरणीतून जाड रवाळ दळून आणा. हीच घरची ‘मासा आरिना’. हवाबंद डब्यात ठेवा, महिनाभरात संपवा.

दगडीजातं

(पुढे) पीठ फेटणं.

५०० ग्रॅम मासा आरिना, ७०० मिली कोमट रस्सा (चिकनचं किंवा भाज्यांचं पाणी), २५० ग्रॅम डुकराची चरबी, १० ग्रॅम बेकिंग पावडर, १५ ग्रॅम मीठ. यात सुमारे १८–२० तमालेस होतात.

आरिनात रस्सा घालून मळा, २० मिनिटं झाकून ठेवा. चरबी वेगळी ८–१० मिनिटं फेटा, पांढरी आणि हलकी व्हायला हवी. तिच्यात मासा मूठ-मूठ घालत फेटत जा, मग मीठ आणि बेकिंग पावडर. वाटाण्याएवढी गोळी गार पाण्याच्या पेल्यात टाका. तरंगली तर झालं. बुडाली तर अजून पाच मिनिटं फेटा. तरीही बुडाली तर दोन चमचे चरबी वाढवा. कच्च्या पिठाची चव किंचित खारटच लागली पाहिजे, वाफवल्यावर मीठ मरतं.

मक्याच्या सुक्या पानोळ्या (ओहास, म्हणजे कणसावरची पानं) गरम पाण्यात तासभर, वर वजन ठेवून. गुळगुळीत बाजू आत. रुंद अर्ध्या भागात दोन-तीन चमचे पीठ पातळ पसरा, कडा मोकळ्या सोडा, मधे चमचाभर सारण, दोन्ही कडा एकमेकींवर, निमुळती शेपटी खाली दुमडा. उघडं तोंड वर ठेवून भांड्यात उभे लावा. गच्च नको, पीठ फुगतं.

पाणी चाळणीच्या खाली दोन बोटं. तळाशी एक नाणं टाका: खडखडतंय तोवर पाणी आहे, आवाज थांबला की उकळतं पाणी कडेनं ओता. गार पाणी ओतलं की वाफ बसते आणि तमालेस चिकट राहतात. वर पानोळ्यांचा थर आणि जाड फडकं, म्हणजे झाकणाचं पाणी पिठावर ठिबकत नाही. ७५–९० मिनिटं. पानोळी सोलल्यावर पीठ न चिकटता सुटलं तर शिजलं. उतरवल्यावर १५ मिनिटं तसेच राहू द्या. गरमागरम सोलला तर शिजलेलाही कच्चा वाटतो.

एक समजूतही सांगतो: स्वयंपाकघरात कोणी रागावलं असेल तर तमालेस शिजत नाहीत, म्हणून भांड्याच्या कानांना पानोळीच्या पट्ट्या बांधतात. शास्त्र माहीत नाही, पण दर पाच मिनिटांनी झाकण उघडून बघणाऱ्या रागीट माणसाला लांब ठेवायचा तो चांगला उपाय आहे.

खडीसाखर

शाकाहारी आणि चरबी न खाणाऱ्यांसाठी? तेल चालेल का?

दगडीजातं

तेलात हवा धरून राहत नाही, त्यामुळे पीठ फुगत नाही आणि गोळी बुडते. लोणी किंवा वनस्पती तूप घ्या, घट्ट असतानाच फेटा. साजूक तूप मुंबईच्या उन्हाळ्यात पातळ असतं, ते फ्रिजमध्ये थिजवून घ्यावं लागेल, आणि त्याचा वास मक्यावर मात करतो. माझं मत लोण्याला. सारण: भाजून सोललेल्या पोब्लानो मिरचीच्या पट्ट्या आणि चीज (‘राहास’), किंवा घट्ट परतलेल्या राजम्याचा लगदा. सारण ओलं ठेवू नका, पीठ आतून कच्चं राहतं.

लाल सारणाला ग्वाहियो आणि आंचो या सुक्या मिरच्या लागतात. नसतील तर बेडगी १२ आणि आंचोच्या मनुकेरी गोडव्यासाठी ६ काळ्या मनुका. मिरच्या तव्यावर प्रत्येक बाजूला १०–१५ सेकंदच, नंतर गरम पाण्यात २० मिनिटं, मग वाटून गाळा. काळी पडलेली मिरची फेकून द्या. एक जळकी मिरची अख्खं वाटण कडू करते.

केळफूल

पानोळ्या मिळत नसतील तर ओआहाका-वेराक्रूस या राज्यांकडची पद्धत घ्या: केळीचं पान. मधला दांडा काढून २५ सेंमीचे चौकोन, आचेवरून चर्रकन फिरवले की रंग गडद होतो आणि पान दुमडतं. पीठ थोडं सैल, पातळ पसरायचं, मधे काळा मोले (सुक्या मिरच्या-मसाल्यांचं दाट वाटण) आणि चिकन, चारही बाजू आत. हे आडवे रचले तरी चालतात, ६०–७० मिनिटं. पातोळ्या करणाऱ्या हाताला काहीच सांगावं लागणार नाही. फरक एवढाच की इथे पिठात चरबी आहे, त्यामुळे पानाला भोक असेल तर सगळी खाली गळते. फाटलं तर दुहेरी पान.

इडलीपात्राची उंची उभ्या तमालाला पुरत नाही. कुकर वापरा, शिट्टी काढून, वेळ तोच. शिट्टी लावलीच तर ३० मिनिटं आणि दाब आपोआप उतरू द्या. शिट्टी उचलून वाफ सोडली की पीठ भसकन फुगून पानोळीबाहेर येतं.

पाटावरवंटा

२४ तारखेच्या जेवणावर कोणीच लिहिलेलं नाही. मेक्सिको शहर आणि मध्य भागात त्या रात्री दोन पदार्थ ठरलेले: बाकालाओ आणि रोमेरितोस. टर्की असतेच, पण तिच्यात सांगण्यासारखं विशेष नाही.

सुकट

बाकालाओ म्हणजे मीठ लावून सुकवलेला कॉड. मूळ बास्क (उत्तर स्पेनमधली) पद्धत, मेक्सिकोत टोमॅटो आणि मिरचीनं बदललेली. १ किलो सुका मासा २४–३६ तास फ्रिजमध्ये पाण्यात, दर सहा-आठ तासांनी पाणी बदलून. कातडीची बाजू वर ठेवा, मीठ खाली उतरतं. एक तुकडा कच्चाच चाखा: समुद्राच्या पाण्यासारखा लागला तर अजून एक पाणी. मग १० मिनिटं मंद उकळा, काटे काढून धाग्यासारखा सोडवा.

२५० मिली ऑलिव्ह तेलात कांदा आणि भरपूर लसूण, मग १.५ किलो टोमॅटोचा गर, कडेनं तेल सुटेपर्यंत. पाऊण तास लागतोच. घाई केली तर टोमॅटोचा कच्चा आंबटपणा माशावर बसतो. नंतर मासा, १०० ग्रॅम बदाम, २०० ग्रॅम हिरवे ऑलिव्ह, दोन चमचे केपर (खारवलेल्या कळ्या), वेगळे उकडलेले छोटे बटाटे, वरून लोणच्यातल्या पिवळ्या मिरच्या. मीठ सगळ्यात शेवटी, आणि बहुतेक वेळा लागतच नाही. ऑलिव्ह आणि केपर दोन्ही खारे.

आपला खारवलेला बांगडा वापरू का, असा प्रश्न येणारच. नको. बांगडा तेलकट आहे, कॉडमध्ये चरबी जवळपास नसते; बांगड्याचा वास बदाम-ऑलिव्हला गिळून टाकेल.

दुसऱ्या दिवशी उरलेला बाकालाओ पावात भरून खातात. ‘रेकालेंतादो’, म्हणजे २५ तारखेचं गरम केलेलं शिळं जेवण. तोच खरा मान.

पालेभाजी

रोमेरितोस ही सुएडा जातीची खाऱ्या जमिनीतली भाजी, पालक-राजगिऱ्याच्याच कुळातली. दिसायला सुयांसारखी, चवीला खारट. देठ खुडून ६–७ मिनिटं उकळा आणि पिळून घ्या, नाहीतर मोले पातळ होतो. १ किलो भाजीला २५० ग्रॅम मोलेची पेस्ट रश्श्यात सैल करून, सोबत बटाटे, नोपाल (निवडुंगाची कोवळी पानं) आणि सुक्या कोळंबीचे वडे. वड्यांना १०० ग्रॅम सोडे भाजून पूड करा, तीन अंड्यांचं पांढरं घट्ट फेटून त्यात बलक, पूड आणि दोन चमचे ब्रेडचा चुरा हलक्या हातानं मिसळा, चमच्यानं तेलात सोडा. जोरात ढवळलं की फेस बसतो आणि वडे दगड होतात. इथेही मीठ नको.

मुळा

ओआहाकाचं नाव निघालंय तर २३ डिसेंबरची मुळ्यांची रात्र राहू नये. १८९७ पासून शहराच्या मुख्य चौकात मुळ्यांच्या कोरीवकामाची स्पर्धा भरते. हे मुळे खायचे नाहीत. मुद्दाम जमिनीत जास्त काळ ठेवून वाढवलेले, काही अर्धा मीटर लांब. लाल साल आणि पांढरा गाभा या दोन रंगांत येशूजन्म, संत, नाच, सगळं कोरतात. काही तासांत कडा सुकून तपकिरी व्हायला लागतात म्हणून सतत पाण्याचा फवारा. जवळच सुक्या फुलांचे आणि मक्याच्या पानोळ्यांचे देखावेही असतात. त्याच चौकात मातीच्या वाडग्यात बुन्युएलो (तळलेली गोड, कुरकुरीत पुरी) खाऊन वाडगा जमिनीवर आपटून फोडायची रीत आहे.

खडीसाखर

बुन्युएलोची कृती कोणाकडे?

केळफूल

दोन प्रकार. एक साच्याचा, आपल्या रोझ कुकीजसारखा. दुसरा ‘गुडघ्यावरचा’: ५०० ग्रॅम मैदा, २ अंडी, ५० ग्रॅम वितळलेलं लोणी, १ चमचा बेकिंग पावडर, चिमूट मीठ, आणि टोमॅटियोच्या (पापुद्र्यात वाढणारं हिरवं, आंबट फळ) सुक्या सालींसोबत उकळून गाळलेलं कोमट पाणी साधारण १५० मिली (साली नसतील तर बडीशेपेचं पाणी). दहा मिनिटं मळून तेल लावून तासभर झाकून ठेवा. गोळी लाटून घ्या, मग गुडघ्यावर किंवा पालथ्या पातेल्यावर ओलसर फडकं टाकून कडेकडेनं ओढत आरपार दिसेपर्यंत ताणा. मांडे करणाऱ्यांना हा हात ओळखीचा वाटेल. ताणलेले पापुद्रे कापडावर १५ मिनिटं सुकू द्या, मग १८० अंशांच्या तेलात. पीठ आखडत असेल तर मुरलेलं नाही. तेल पीत असेल तर ते गार आहे. गुळाच्या पाकात पेरू आणि दालचिनी उकळून वरून.

दगडीजातं

३१ तारखेचं दोन ओळींत: घड्याळाच्या बारा ठोक्यांबरोबर बारा द्राक्षं, प्रत्येकी एक इच्छा. बिनबियांची, लहान घ्या, पाच वर्षांखालच्या मुलांना उभी चार फोडी करून. प्रवास घडावा म्हणून रिकामी बॅग घेऊन घराभोवती फेरी मारतात.

उंबरठा

रोस्का दे रेयेस, ६ जानेवारी. ५०० ग्रॅम मैदा, १० ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, १०० ग्रॅम साखर, ३ अंडी, १०० मिली दूध, दोन संत्र्यांची किसलेली साल, मीठ ६ ग्रॅम, आणि १२० ग्रॅम मऊ लोणी. लोणी शेवटी, पीठ आधी दहा मिनिटं मळून लवचीक झाल्यावर थोडं-थोडं. सुरुवातीलाच घातलं तर पीठ नीट ताणलं जात नाही आणि रोस्का केकसारखी भुसभुशीत होते. दुप्पट होईपर्यंत दोन तास, थंडीत तीन. लंबगोल कडं करा, मधे बाहेरून लोणी लावलेली वाटी ठेवा, नाहीतर भोक बुजतं. पुन्हा ४५ मिनिटं.

वरच्या पट्ट्या: लोणी, पिठीसाखर, मैदा समप्रमाणात मळून. सुक्या फळांच्या रंगीत पट्ट्या त्यांच्या मधे. पूर्वी त्यात बिसनागा निवडुंगाचं ‘आसित्रोन’ (साखरेत मुरवलेला गर) असायचं. तो निवडुंग आता संरक्षित आहे, त्याऐवजी पेरूची किंवा क्विन्सची घट्ट वडी कापून लावतात. १८० अंशांवर २५ मिनिटं, पंधराव्या मिनिटाला वर फॉइल, साखर पटकन काळी पडते.

रोस्कात बाळ येशूचं बाहुलं लपवतात; ते भाजल्यानंतर खालून चीर देऊन आत सारायचं. प्लॅस्टिकचं असतं. आणि एकच नको: २० माणसांच्या रोस्कात तीन-चार घाला. ज्याच्या वाट्याला बाहुलं, त्यानं २ फेब्रुवारीला सगळ्यांना तमालेस द्यायचे, तर खर्चही वाटला जातो. कापणाऱ्यानं सुरी स्वतःच चालवायची असते, म्हणजे बाहुलं टाळायला कोणी बाजूला सरकलं तर सगळ्यांना दिसतं. गिळून टाकणारेही असतात, म्हणून लहान मुलांच्या तुकड्यावर लक्ष ठेवा.

मांडवी

अवांतर: गोव्यातही ६ जानेवारीला तीन राजांचं फेस्त असतं. वेऱ्याच्या रेइश मागुश चर्चला, चांदोरला आणि कासावलीला मुलं राजे बनून घोड्यावरून निघतात. मेक्सिकोत पाच तारखेच्या रात्री मुलं बूट मांडून ठेवतात आणि राजांच्या घोडा, उंट, हत्ती या वाहनांसाठी चारा-पाणीही. मुळं दोन्हीकडची इबेरियन (स्पेन-पोर्तुगालची), वाट मात्र वेगळी.

पाटावरवंटा

कांदेलारियाला आणखी एक काम असतं. २४च्या मध्यरात्री देखाव्यात (नासिमिएन्तो) बाळ येशूची मूर्ती झुलवून ठेवतात. त्याआधी गव्हाणी रिकामीच हवी. २ फेब्रुवारीला, म्हणजे चाळिसाव्या दिवशी, ती उचलून नवे कपडे घालून चर्चमध्ये आशीर्वादाला नेतात. मेक्सिको शहरात ला मेर्सेदजवळच्या तालावेरा रस्त्यावर या कपड्यांची रांगच आहे. मूर्ती डोक्यापासून टाचेपर्यंत सेंमीत मोजून न्या, किंवा मूर्तीच न्या, कारण हात पसरलेल्या बाळाला उभ्या मापाचा झगा बसत नाही.

हिरवीमिरची

६० तमालेस एका दिवसात होतील का? बाहुलं सापडलंय असं समजा.

दगडीजातं

एका दिवसात करू नका. ३१ जानेवारीला सारण आणि वाटण, १ला संध्याकाळी पीठ फेटून भरून कच्चेच फ्रिजमध्ये, २ला दुपारी वाफवा. फ्रिजमधून सरळ वाफेवर घातले तर १५ मिनिटं जास्त. ६० नगांना वरच्या प्रमाणाच्या तिप्पट पीठ, म्हणजे दीड किलो आरिना, आणि दोन मोठी भांडी. एकातच कोंबले तर मधले कच्चे राहतात. फ्रीझ करायचे असतील तर शिजवून, पानोळीसकट. पुन्हा वाफेवर २५ मिनिटं, न वितळवता.

खडीसाखर

आणि उरलेले?

दगडीजातं

पानोळी काढून तव्यावर मंद आचेवर सगळ्या बाजूंनी खरपूस, तेल लागत नाही, आतली चरबी पुरते. किंवा मेक्सिको शहरात सकाळी गाडीवर देतात तसा पावात घालून, ‘ग्वाहोलोता’. मक्याच्या पिठाचा गोळा मैद्याच्या पावात. त्या दिवशी दुपारचं जेवण विसरा.